घराला कठडा हवा

जुन्या करारातील 'अनुवाद' ह्या पुस्तकाच्या बाविसाव्या अध्यायात, शेती, गुरेढोरे आणि पाखरांची घरटी ह्यांविषयीच्या नियमांच्या गर्दीत, घर बांधणाऱ्यासाठी एक लहानसा नियम सांगितलेला आहे. वाचताना तो सहज नजरेआड होतो. त्या देशात घरांची छपरे सपाट असत. लोक त्यांवर धान्य वाळवीत, अंबाडीसारख्या झाडांच्या काड्या पसरीत आणि उन्हाळ्यात तेथेच निजत. म्हणून नियमशास्त्राने घरधन्यास बजावले की, नव्या घराच्या छपराला त्याने कठडा करावा. तसा न केल्यामुळे कोणी पडून मेला तर त्या रक्ताचा दोष घरावर येईल.

वाचकहो, ह्या नियमात एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. छपरावर मुले खेळत असता आईने डोळ्यांत तेल घालून बसावे, असे तेथे म्हटलेले नाही. कठडा करा, इतकेच म्हटले आहे. आणि ते घर बांधणाऱ्यास, म्हणजे ज्याच्या हाती हातोडा आणि पैसा आहे त्यास म्हटले आहे. लहान मुलांच्या सुरक्षिततेविषयी आज आम्हांला जे सांगावयाचे आहे ते सारे ह्यात आले. तथापि नियम जुना आणि घरे नवी. म्हणून थोडा विस्तार करणे भाग आहे.

आमच्या भागात, पैनगंगेच्या अलीकडे, बेला, जैनथ, तलमडगूपासून थेट आदिलाबाद शहरापर्यंत, काळ्या मातीत कपाशी पिकते आणि पैनगंगेपलीकडील यवतमाळ जिल्ह्याप्रमाणेच घरोघरी मराठी ऐकू येते. अशा खेड्यांत एखादे लहान मूल अपघाताने गेले म्हणजे अंगणात जमलेल्या माणसांच्या तोंडून पहिला प्रश्न निघतो, "आईचं लक्ष कुठं होतं?" लहान पेट्या मातीआड करण्याचे काम आमच्याकडे येते, त्यामुळे हा प्रश्न आम्ही अनेकदा ऐकला आहे. ज्या बाईची कूस नुकतीच रिकामी झाली तिच्या कानांवर तो पडतो, आणि ती तो जन्मभर उराशी घेऊन बसते. कधी कधी त्या प्रश्नाचे टोक आठ-नऊ वर्षांच्या थोरल्या बहिणीकडे वळते; कारण आई कापूस वेचणीला गेलेली असते आणि धाकटे तिच्या कडेवर दिलेले असते. औषधाची बाटली त्या कोनाड्यात कोणी ठेवली, हौदावर झाकण का नव्हते, विहिरीला कठडा का नव्हता, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही.

बाळाला नजर लागू नये म्हणून आपल्याकडे किती खटाटोप होतो! गालबोट लावतात, डोळ्यांत काजळ घालतात, गळ्यात काळा दोरा बांधतात. हा दोरा पाळण्याच्या खुंटीत किंवा खिडकीच्या कडीत अडकला तर तोच फास होतो, हे ध्यानी येत नाही. आम्ही म्हणतो, परक्याच्या नजरेचे भय सोडा. आपलीच नजर क्षणभर चुकते, हे खरे भय. आणि ती चुकणारच. पहाटे उठून पाणी भरणाऱ्या, भाकऱ्या थापणाऱ्या, दिवसभर कापूस वेचून दिवेलागणीला परतणाऱ्या बाईचे दोन डोळे चोवीस तास एका जिवावर कसे खिळून राहतील? म्हणून जेथे नजर चुकेल तेथे कठडा असावा.

मूलही एका जागी स्थिर नसते. चौथ्या-पाचव्या महिन्यात ते कुशीवर वळू लागते. काल जेथे ठेवले तेथे आज असेलच असे नाही. आठव्या-नवव्या महिन्यात रांगते, वर्षाचे होता होता उभे राहते, आणि मग दर महिन्यास त्याचा हात चार बोटे वर पोहोचतो. जे हाती येईल ते तोंडात घालून पाहणे हीच त्याची विद्या. तेव्हा दोन्ही हात व गुडघे जमिनीवर टेकून, मुलाच्या उंचीने आपल्याच घरातून एकदा हिंडून पाहावे. बाजेखालचा रॉकेलचा डबा, दाराआडची फवारणीची बाटली, भिंतीवरून लोंबणारी वायर, चुलीपुढे आलेले सांडशीचे टोक, हे सर्व त्या उंचीवरून निराळेच दिसते.

आता घरात एक फेरी घालू. आरंभ आम्ही फवारणीच्या सामानापासून करतो. कारण कपाशीच्या मुलखात ह्याहून मोठा वैरी घरात नाही. आमचे शेतकरी त्याला 'औषध' म्हणतात. दुर्दैवाने मुलेही त्याला औषधच समजतात. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करता करता विषबाधा होऊन शेकडो शेतकरी-मजुरांना रुग्णालयात न्यावे लागले, आणि त्यांतील कित्येक परत आले नाहीत. ती धडधाकट माणसे होती. दहा-बारा किलो वजनाच्या लेकराची काय कथा? ह्या डब्यांवर चौकोनात एक रंगीत त्रिकोण छापलेला असतो. लाल म्हणजे अत्यंत जहाल, पिवळा त्याखालोखाल, मग निळा, आणि शेवटी हिरवा. पण हिरवा त्रिकोण म्हणजे मुलाने चाखावयास हरकत नाही, असे मुळीच नव्हे.

रिकाम्या डब्याची गोष्ट तर आणखी भयंकर. बिहारमधील सारण जिल्ह्यातील गंडामन गावी १६ जुलै २०१३ रोजी शाळेत दुपारचे जेवण जेवून २३ मुले मृत्युमुखी पडली. त्यांच्या अन्नात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक आढळले. ज्या डब्यात पूर्वी कीटकनाशक होते त्यातच स्वयंपाकाचे तेल ठेवल्याने ते अन्नात उतरले होते. मोनोक्रोटोफॉस हे नाव आमच्या कपाशीवाल्यांना नवे नाही. त्याचे ३६ टक्क्यांचे द्रवरूप बंद करण्याचा आदेश केंद्र सरकारने २०२३ साली काढला, हे योग्यच झाले. परंतु सरकारी बंदी दुकानाला लागू होते. तुमच्या आढ्याला टांगलेली तीन वर्षांपूर्वीची अर्धी बाटली तिला घाबरून पळून जात नाही. अशी बाटली उकिरड्यावर किंवा नाल्यात फेकण्याऐवजी तिची विल्हेवाट कशी लावावी ते कृषी अधिकाऱ्यांना विचारावे. रिकाम्या डब्यांत तेल, पाणी, धान्य काहीही ठेवू नये. त्यांना भोके पाडावीत, म्हणजे ते वापरण्याचा मोह कोणास होणार नाही. उरलेले औषध सरबताच्या किंवा पाण्याच्या बाटलीत ओतून ठेवण्याची जी सवय आहे, ती तर आजच मोडली पाहिजे. पेरणीच्या वेळी येणारे कपाशीचे बियाणे औषध चोळून लाल-गुलाबी रंगविलेले असते आणि मुलांना गोळ्यांसारखे वाटते. त्याची उघडी पुडी ओसरीवर पडू देऊ नये. फवारणीचे कपडे बाळाच्या दुपट्यांबरोबर धुऊ नयेत. आणि शेतातून आलेल्या बापाने हातपाय स्वच्छ धुतल्याखेरीज लेकराला उचलू नये, मग ते कितीही हात पसरून धावत येवो.

ह्या सगळ्याला कठडा तो कोणता? एक पेटी आणि एक कुलूप. शक्यतो राहत्या घराबाहेर, गोठ्याच्या भिंतीला उंचावर पेटी ठोकावी आणि तिची किल्ली घरधन्याच्या करगोट्याला असावी. कॅनडातील विंडसर नगरात डॉ. हेन्री ब्रो नावाचे बालरोगतज्ज्ञ होते. घरातील गोळ्या खाल्लेली मुले त्यांच्याकडे नित्य येत. आयांना उपदेश करून विशेष गुण येईना, तेव्हा त्यांनी बाटलीच्या झाकणाकडेच लक्ष वळविले. आणि १९६७ साली, तळहाताने दाबून मग फिरविल्याखेरीज न उघडणारे झाकण त्यांच्या प्रयत्नाने प्रचारात आले. विषबाधा झालेल्या मुलांची संख्या तेथे झपाट्याने उतरली. अमेरिकेने १९७० साली अशा झाकणांसाठी कायदाच केला. त्या गावच्या आया रातोरात अधिक सावध झाल्या असे नव्हे. झाकण बदलले, एवढेच. आजोबांच्या मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या आपल्याकडे उशाशी पडलेल्या असतात. त्यांनाही त्या पेटीचाच नियम लागू करावा, फक्त पेटी निराळी असावी.

दुसरा वैरी पाणी. उन्हाळ्यात पाण्याची ओढाताण होते, म्हणून आमच्या घरी रांजण, पिंप, टब, सिमेंटची टाकी, जे मिळेल ते भरून ठेवतात. लहान मुलाचे डोके त्याच्या अंगाच्या मानाने जड असते. बादलीत डोकावताना ते उलटले की त्याला स्वतःला वर काढता येत नाही, आणि वीतभर पाणीही त्याचा जीव घेण्यास पुरेसे होते. ते ओरडत नाही, हात मारीत नाही. सारे काही मुकाट्याने दोन-चार मिनिटांत होऊन जाते, आणि शेजारच्या खोलीतील आईला चाहूलही लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाप्रमाणे २०२१ साली जगात सुमारे तीन लक्ष माणसे बुडून मेली; त्यांतील जवळजवळ चौथा हिस्सा पाच वर्षांखालील बालके होती. बांगलादेशात दाराशीच पुकुर, म्हणजे तळी असतात आणि सकाळी आया कामात गढलेल्या असताना मुले त्यांत जातात. तेथील लोकांनी ह्यावर एक साधा उपाय काढला. गावातीलच एका बाईच्या घरी सकाळच्या वेळी लहान मुले एकत्र ठेवावयाची आणि तिने त्यांना सांभाळावयाचे. त्याला ते 'आंचल', म्हणजे पदर म्हणतात. हा उपाय मुले वाचवितो असे त्यांच्या अनुभवास आले आहे.

आपल्याकडे अंगणवाड्या १९७५ पासून आहेत. परंतु तेथे दिवसाचा काही वेळ बसते ते तीन वर्षांपुढील मूल. सर्वांत अधिक धोक्याचे वय तर एक ते तीन, आणि नेमके तेच घरी राहते. केंद्र सरकारने २०२२ पासून 'पाळणा' ह्या नावाने पाळणाघरांची योजना चालविली आहे. ती आपल्या गावी यावी म्हणून ग्रामसभेत मागणी करण्यास काय हरकत आहे? ती येईपर्यंत वेचणीच्या दिवसांत चार घरांनी मिळून एका आजीकडे मुले ठेवावीत आणि तिचा रोज चौघांनी द्यावा. आठ वर्षांच्या पोरीला शाळा बुडवून राखणीस बसविण्यापेक्षा हे शतपटींनी बरे. ती पोरगी स्वतःच लेकरू आहे.

घरात पाण्याच्या प्रत्येक भांड्याला घट्ट झाकण असावे. वापरून झालेली बादली पालथी घालावी. न्हाणीच्या दाराला बाहेरून, वरच्या बाजूस कडी असावी. विहिरीला कमरेइतका कठडा आणि शेततळ्याला कुंपण हवेच. शेततळ्यातील प्लास्टिकचा कागद इतका निसरडा असतो की पोहता येणाऱ्यालाही चढून येता येत नाही. म्हणून काठाला गाठी मारलेला दोर पाण्यापर्यंत सोडून ठेवावा. पाणी न लागलेली बोअर उघडी टाकणे म्हणजे काय, हे देशाने २००६ साली पाहिले. हरियाणात कुरुक्षेत्राजवळ पाच वर्षांचा एक मुलगा साठ फूट खोल नळीत पडला. तो दोन दिवसांनी जिवंत निघाला ही देवाची कृपा. पुढे २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने उघड्या बोअरी बुजविण्याविषयी नियम घालून दिले. त्यानंतरही मुले पडतच आहेत.

तिसरा वैरी विस्तव, आणि त्याची धाकटी बहीण वीज. आमचा जिल्हा तेलंगणात थंडीसाठी प्रसिद्ध. पौषात दारोदारी शेकोट्या पेटतात, पाणी तापते, आणि त्याच दिवसांत न विकलेला कापूस घरात आढ्यापर्यंत रचलेला असतो. पऱ्हाटीची एक ठिणगी त्यावर उडाली तर पुढे काय होईल ते सांगावयास नको. चूल आणि कापूस ह्यांच्यामध्ये निदान एक भिंत असावी, आणि चूल शक्य तर ओट्यावर घ्यावी. उकळती डाळ किंवा चहा खाली जमिनीवर ठेवून पाठ फिरवू नये. बादलीत रॉड टाकून पाणी तापविण्याची चाल पसरली आहे. त्या बादलीत मुलाने हात घातला तर भाजणे आणि विजेचा धक्का, दोन्ही एकदम. उन्हाळ्यात लोखंडी कूलरला ओल्या हाताने शिवून आमच्या भागात व नदीपलीकडे विदर्भात दरसाल माणसे दगावतात. वीज गळताच प्रवाह तोडणारे यंत्र मुख्य बटणापाशी बसवून घ्यावे; त्याला लागणारे पैसे लग्नातल्या एका दिवसाच्या वाजंत्रीहून कमीच होतील.

चौथी गोष्ट निजण्याची. पावसाळ्यात मण्यार रात्री घरात शिरते आणि जमिनीवर निजलेल्यांना चावते. तिचा दंश बहुधा दुखत नाही, खूणही दिसत नाही. पहाटे मुलाच्या पोटात दुखते, पापण्या गळतात, आणि घरचे अपचन समजून ओवा देतात. भारतात २००० ते २०१९ ह्या काळात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे मेल्याचा अंदाज आहे, आणि त्यांत चौथाई पंधरा वर्षांखालील मुले होती. मुलांना बाजेवर निजवावे व मच्छरदाणीच्या कडा अंथरुणाखाली खोचाव्यात. तिने हिवतापाचे डासही दूर राहतात. पऱ्हाटीचे भारे घराच्या भिंतीला लावून रचू नयेत. साप-विंचवांना तो वाडाच होतो. विंचवाच्या दंशावर आपल्याच महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी प्राझोसिन ह्या औषधाचा उपयोग दाखवून कोकणातील कितीतरी मुलांचे प्राण वाचविले, आणि २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. परंतु ते औषध मिळावयास मूल वेळेवर दवाखान्यात पोहोचले पाहिजे. तान्ह्याला कापसाच्या ढिगावर किंवा मऊ गाद्यांत निजवू नये. तोंड रुतले तर त्याला मान फिरविता येत नाही. त्याला उताणे, सपाट अंथरुणावर निजवावे. साडीची झोळी जमिनीपासून फार उंच नसावी, आणि थोरल्या मुलांनी तिचा झोका करून खेळू नये.

तोंडात जाणाऱ्या वस्तूंविषयी थोडक्यात. शेंगदाणे, फुटाणे, चिंचोके, सीताफळाच्या बिया, नाणी, ह्यांनी श्वासनलिका बंद होते. चार-पाच वर्षांपर्यंत मुलांना अख्खे दाणे देऊ नयेत, कुटून द्यावेत. खेळण्यातील गोल चपट्या बटणासारखी बॅटरी गिळली गेली तर दोन तासांतच अन्ननलिका जळू लागते. तेव्हा 'शौचावाटे पडेल' म्हणून थांबू नये. वर्षाखालील बाळाला मध चाटवू नये.

इतके करूनही अपघात घडलाच तर काय? भाजल्यास त्या जागेवर वीस मिनिटे थंड पाणी वाहू द्यावे. दंतमंजन, शाई, हळद काही लावू नये. विष किंवा रॉकेल पोटात गेल्यास ओकारी काढू नये, मिठाचे पाणी पाजू नये. अंगावर सांडले असल्यास कपडे काढून अंग धुवावे आणि डबा सोबत घेऊन दवाखाना गाठावा, कारण उतारा कोणता द्यावयाचा ते डॉक्टर त्यावरून ठरवितात. वर्षाखालील बाळाच्या घशात काही अडकून श्वास बंद पडल्यास त्याला हातावर पालथे, डोके खाली करून धरावे आणि दोन खांद्यांच्या मधोमध तळहाताने पाच थापा द्याव्यात. मग उताणे करून छातीच्या मध्यभागी पाच वेळा दाबावे. घशात आंधळेपणाने बोट घालू नये. बुडालेल्या मुलास उलटे टांगून किंवा गरगरा फिरवून पाणी निघत नाही. श्वास थांबला असेल तर तोंडाने श्वास द्यावा व छाती दाबावी. हे गावातील आरोग्यसेविकेकडून हाताने शिकून घेणे उत्तम. साप चावल्यास मांत्रिकाकडे घालविलेला तास परत मिळत नाही. १०८ ह्या क्रमांकाची रुग्णवाहिका १५ ऑगस्ट २००५ रोजी प्रथम त्या वेळच्या आंध्र प्रदेशातच सुरू झाली. तो क्रमांक दाराच्या आतल्या बाजूस खडूने मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा.

कोणी म्हणेल, फादर, जे व्हावयाचे ते होणारच, देवाची मर्जी! ह्या वाक्याने दुःखिताचे सांत्वन होते म्हणून आम्ही स्मशानात त्याला विरोध करीत नाही. पण येथे करतो. ज्या देवाने छपराच्या कठड्याचा विचार केला, त्याच्या माथ्यावर बिनझाकणाचा हौद मारणे हा अन्याय आहे. एका खिळ्याने जे टळले असते त्याला दैव म्हणू नये. आणि तो खिळा ठोकणे हे आईचे काम नव्हे. आजवर आपण नजर आईकडे सोपविली आणि कठडाही तिच्याच नजरेचा केला. बापांनो, हे काम तुमचे आहे. घरकुलाचा स्लॅब झाला, जिना झाला, आणि कठड्यासाठी पैसे उरले नाहीत म्हणून वर्षानुवर्षे उघडा जिना आम्ही किती घरांतून पाहतो! पैसे येईपर्यंत बांबू तरी आडवे बांधा.

येत्या रविवारी मिस्सा आटोपून घरी गेल्यावर एक हातोडा, चार कड्या, एक कुलूप, दोन फळ्या आणि हौदाच्या मापाचे झाकण एवढे जमवा. संध्याकाळपर्यंत काम होईल. त्यानंतर घरच्या बाईला सांगा की, तिची नजर क्षणभर चुकली तरी आता चालेल.